वाना आली

नीलमनगर, सोलापूर
२२ जुलै

आत्या,

तीन रात्री झाल्या, मला झोप न्हाय. पोरगी रडती म्हणून न्हाय, आरोही गप झोपती. मी जागी हाय ती ह्यांच्या रेनकोटापायी. हसू नको. आधी सगळं वाच.

तुला ऐकू येत न्हाय म्हणून लिवते, न्हायतर फोनच केला असता. आन बरंच हाय म्हणायचं, हे तोंडानं बोलायला मला जमलंच नसतं. मी आठवीतनं सुटले ते तुला म्हाईत हाय, चुकलं असंल तितं नीट करून वाच. येडूतात्या हितं सोलापूरच्या टेशनात कामाला येत्यात, सांजच्या गाडीनं कुर्डुवाडीला माघारी जात्यात, त्यांच्या हाती देते. त्यांना वाचता येत न्हाय म्हणून तर देते.

तर रेनकोट. उन्हाळ्यात मी ह्यांना निळा रेनकोट घिऊन दिला. रोज सकाळी त्याची घडी घालते, वरनं रबराचं दोन येढं देते आन डब्याच्या पिशवीत ठेवते. गेल्या आठवड्यात दोन डाव पाऊस झाला. दोन्ही डाव हे चिंब हून आले. आन पिशवीत रेनकोट कोरडा. घडी माझीच. रबराचं दोन येढं माझंच. माणूस वला आन रेनकोट कोरडा, आसं कसं हुईल आत्या?

म्हटलं, "घातला का न्हाय?"

म्हणले, "ध्यानातच आलं न्हाय."

दोन्ही डाव ध्यानात आलं न्हाय?

दुसरं. हे टॉवेलच्या मागावर हायेत, तुला म्हाईतच हाय. रोज घरी येत्यात तवा कानात, भुवईत, मिशीत नुसता कापूस. आरोहीला ते बगून हसू येतं. पावसाच्या दिवशी मातर अंगावर एक धागा न्हाय. धुतल्यागत सोच्छ. कुटं अंघूळ करून येत्यात?

तिसरं मला लई लागलंय. येरवी आल्या आल्या पोरीला उचलणारा माणूस, त्या दिवशी तिच्याजवळ येत न्हाय. त्या कोपऱ्यात बसत्यात. पोरगी हात करती आन हे भिताडाकडं बगत्यात. मनात काय नसंल तर बाप लेकरापास्नं लांब का बसंल?

आन चौथं. परवा ह्यांना सुट्टी हुती. दुपारी आभाळ काळं झालं, मी दोरीवरची दुपटी काडत हुते. ह्यांचा फोन वाजला. मागाच्या खडखडाटानं ह्यांचं कान अधू झाल्यात, म्हणून फोन कायम स्पीकरवर. पलीकडनं गड्याचा आवाज. म्हणला, "अभ्या, वाना वच्चिंदी!" मला तेलगू येत न्हाय. पर हे ताडकन उटले. "वच्चिंदा?" म्हणले आन हसले. आत्या, आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, आसं हसलेलं मी एक डावबी बगितलं नव्हतं. चप्पल घातली न घातली आन भाईर.

"कुटं निगालाव?"

"मास्तरांनी बोलवलंय."

सुट्टीच्या दिवशी कारखान्याचा कंचा मास्तर बोलवतो?

वाना. बाईचं नाव हाय. वनिता असंल न्हायतर वंदना, लाडानं वाना.

दादाला यातलं काय सांगू नको. शिवादादाचं डोकं तुला म्हाईत हाय. बारशाला पाळण्यावरनं त्याचं आन ह्यांचं वाजलं तवापास्नं दोघं बोलत न्हाईत. तू शाणी हायेस. मी काय करू तेवडं लिव.

लीला


कुर्डुवाडी
२४ जुलै

लिले,

तुजं पत्र दोनदा वाचलं, मग चहा ठेवला आन तिसऱ्यांदा वाचलं. ज्याला ऐकू येत न्हाय त्याला डोळ्यावरच भागवावं लागतं. म्हणून सांगते, तू लिवलंयस त्यातलं मला सगळं दिसतंय.

रेनकोट कोरडा, म्हंजे जावई पावसात नव्हताच. कुणाच्या तरी घरात हुता. वला कसा झाला ते त्याला इचार, मला लाज वाटती. कापूस न्हाय म्हंजे अंघूळ. पोरीकडं बगत न्हाय म्हंजे शरम. तेवडी तरी हाय म्हणायची.

आता तुज्या मामांचं, माज्या मालकांचं सांगते. तुज्या आईलाबी मी कवा सांगितलं न्हाय. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी, कपाळाला बुक्का, सगळी कुर्डुवाडी म्हणायची माणूस देवावाणी हाय. दौंडला त्यांचं काय हुतं ते मला बारा वर्षांनी कळलं. कशावरनं? डब्यावरनं. त्यांना लसूण चालत न्हाय म्हणून मी डब्यात कवा लसूण घातला न्हाय. आन डबा माघारी यायचा त्यो लसणाच्या वासाचा. बारा वर्षं मी त्यो डबा घासला आन एका शब्दानं इचारलं न्हाय. तू बारा वर्षं घासू नको.

तवा आता असं कर. त्याचा शर्ट धुवायच्या आधी आतनं भाईरनं बग. खिसं उलटं करून बग. आन त्ये वच्चिंदी का काय, त्याचा अर्थ एकाद्या शेजारणीला इचार. पर नाव सांगू नको. वाना म्हणलीस की सांजच्याला गल्लीभर हुईल, आन तुला पाण्याला जायची चोरी.

शिवराजला सांगत न्हाय. सध्या.

पोरीच्या छातीला ओव्याच्या पुरचुंडीनं शेक दे. हवा सरद हाय.

बजाबाई


नीलमनगर
२८ जुलै

आत्या,

तुजं मामांचं वाचलं. आमचं भांडं आता मीबी हुंगून बगते.

तू सांगितलंस तसं इचारलं. नरसूबाई म्हणून शेजारच्या खोलीत हाय, तेलगूच हाय, दिवसभर बिड्या वळती. मी आरोहीला घिऊन तिच्या दारात बसले आन उगंच इचारल्यागत इचारलं, "बाई, वच्चिंदी म्हंजे काय वो?"

तिची बोटं थांबली न्हाईत. म्हणली, "आली. बाई आली तरी वच्चिंदी, बस आली तरी वच्चिंदी, आमच्यात एकच. का गं? कोन आली?"

"कोन न्हाय. कुटंतरी ऐकलं."

"काय आली ते ऐकलं न्हाय आन आली तेवडंच ऐकलं व्हय?" म्हणली आन माज्याकडं बगत ऱ्हायली. मी पोरीचं नाक पुसलं आन उटून आले.

तर वाना आली. बस आली म्हणून कोन आसं हसत पळत न्हाय.

शुक्रवारी परत पाऊस झाला. पाऊस सुरू झाला की ह्यांच्या कारखान्यातली लाईट जाती, माग बंद पडत्यात, आन गड्यांना सोडून देत्यात. हे मला आत्ता कळलं, नरसूबाईनंच सांगितलं. चार वाजता माग बंद झालं. हे आले सहाला. कारखान्यापास्नं घर चालत वीस मिनिटं.

शर्ट बगितला. पुढनं साफ. पाठीवर मातर चिखल, आन सगळ्या पाठीवर न्हाय. बरूबर मधोमध, कमरंपास्नं मानंपतूर एक पट्टी, ठिपक्या ठिपक्यांची. कुंच्यानं फटकारल्यागत. खिशात मक्याच्या कणसाचं केस, भाजल्याला वास हुता.

म्हटलं, "पाठीला काय ह्ये?"

"टेम्पोनं उडवलं."

टेम्पो पायावर उडवतो आत्या. मानंपतूर कसा उडवंल, आन तेबी सरळ रेषंत?

काल आरोही दोनदा शिंकली. मी लगीच तिच्या छातीला कान लावला. दुसऱ्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला तवा अकरा दिवस मी दवाखान्यात नाकातल्या नळीकडं बगत बसले हुते. तवापास्नं पाऊस आला की मी आधी दार लावते. खिडकी लावते, फटीत फडकी कोंबते. भिजल्या अंगानं पोरीपशी कुणी यायचं न्हाय, म्हणून ह्यांनाबी तवाच बजावलं हुतं. तेवडं तरी ऐकत्यात का बगायचं.

मी अशी नव्हते गं. शाळंत असताना वस्तीपास्नं अकलूज चार किलोमीटर, सायकलवर जायचे. आठवीला मिळाली हुती, हिरवी. पाऊस आला की बाकीच्या पोरी लिंबाखाली थांबायच्या, मी थांबायची न्हाय. दोन्ही अंगाला ऊस, त्याच्या पानावर पाऊस वाजायचा, मी तोंड उघडं ठिऊन पायडल मारायची. घरी गेल्यावर आई शाळंचा फ्रॉक घासता घासता शिव्या द्यायची. ती सायकल दादाच्या गोठ्यात हाय अजून, तिच्यावर कोंबड्या बसत्यात.

का आठवलं काय म्हाईत. शर्ट बगता बगता आठवलं.

लीला


कुर्डुवाडी
३० जुलै

लिले,

पाठीला चिखल आन पुढनं साफ, म्हंजे माणूस उताणा पडला हुता. पावसात उताणा कोन पडतं आन का पडतं? मी म्हातारी बाई, याच्या पुढचं लिवत न्हाय. आन भाजल्यालं कणीस कोन एकट्यानं खात न्हाय.

तू मला कोंबड्यांचं काय सांगतीस? तुजं घर निगालंय वाहून.

तर मी शिवराजला सांगितलं. रागावू नको. शेजारच्या राजाबाईच्या फोनवरनं सांगितलं. मी पाटीवर लिवत गेले, ती बोलत गेली. त्यानं नवीन सीम घेतलंय, नंबर मी पिठाच्या डब्यावर खडूनं लिवून ठेवलाय, पुसू नये म्हणून डबा वर मांडणीला चढवलाय. त्यो म्हणला, रविवारी सकाळी डेअरीचा टेम्पो घिऊन निगतो, संगं दोन गडी. लीला, पोरगी, पेटी, पाळणा, सगळं एका खेपंत. आन जावयाला काय सांगायचं ते माजं मी सांगतो म्हणला. राजाबाई म्हणली, ह्ये तुमी सांगितलं तवा त्याचा आवाज लई शांत झाला. शिवराजचा आवाज शांत झाला की मला भ्या वाटतं. म्हणून मी शनिवारी एसटीनं अकलूजला जाते आन टेम्पोत त्याच्या शेजारी बसून येते. घराची किल्ली राजाबाईकडं आसंल.

तोवर तुज्याकडं एक काम. पुढच्या डावाला त्याच्या मागं जा. ती बाई कुटल्या घरात ऱ्हाती ते आपल्या डोळ्यानं बग. मी दौंडचा उंबरा बगितलाय. बगितल्यावर मग मला कुणी खोटं पाडलं न्हाय. उंबरा बगितल्याबिगर संसार मोडू नये, एवडं मीबी मानते.

पेटी भरून ठेव. आरोहीचं वाळं आधी घे.

बजाबाई


नीलमनगर
१ ऑगस्ट

आत्या,

का सांगितलंस दादाला? त्यो आधी हात उचलतो मग इचारतो. मला दोन डाव फोन आला त्याचा. एवडंच म्हणला, "रविवारी तयार ऱ्हा," आन ठेवला. मी व्हय म्हटलं न्हाय, न्हाय म्हटलं न्हाय.

चार दिवस पाऊस न्हाय. हे कामावरनं आले की दारात बसून आभाळाकडं बगत्यात, हातात फोन. म्हटलं, "काय बगताय?" म्हणले, "काय न्हाय, उकडतंय." वाट बगत्यात तिची. दारात बायकू बसलीया, पोरगी रांगतीया, आन हे वाट बगत्यात.

काल पेटी काडली. ह्यांनी बगितलं.

"पेटी कशाला काडलीस?"

"झुरळं झाल्यात."

तर काय केलं म्हाईत हाय? दुकानातनं पावडर आणली. माज्या हातातनं पेटी घिऊन सगळी रिकामी केली, कोपऱ्या कोपऱ्यात पावडर मारली, आन कापडं परत घडी घालून भरली. माजी बी, आरोहीची बी. टोपडी वर ठेवली, सापडायला बरी म्हणून. मला सोडून जायची पेटी ह्यांनीच भरली आत्या. मी चुलीकडं तोंड करून बसले.

दौंडच्या वक्ताला मामाबी असं करायचे का? तेवडं मला खरं खरं लिव.

नरसूबाईच्या नातीची सायकल मागून ठेवलीया. आता पाऊस आला की मी मागं जाते.

लीला


नीलमनगर, सोलापूर
३ ऑगस्ट, शनिवार

हे पत्र बजाबाई आत्याच्या नावचं हाय, पर आत्या आज अकलूजला गेली आसणार. येडूतात्यांना म्हटलंय, राजाबाईच्या घरात जो भेटंल त्याच्या हातात द्या आन उघडा म्हणावं. तवा तुमी राजाबाई असा, न्हायतर त्यांच्या घरातलं कोन बी असा, सगळं वाचा. माजं आधीचं बोलणं राजाबाईंच्याच तोंडनं दादाकडं गेलंय, आता लपवायचं काय ऱ्हायलं न्हाय. मी घाईत हाय. सांजच्या गाडीच्या आत पत्र टेशनात पोचवायचंय.

आज सकाळपास्नंच लाईट नव्हती म्हणून ह्यांचे माग बंद, हे घरीच. दुपारी आभाळ भरून आलं. मी डाळ निवडत हुते, डाळीकडं न्हाय, फोनकडं बगत हुते. वाजला.

"अभ्या, वाना वच्चिंदी!"

तसंच हसले. चप्पल घातली.

"मास्तर व्हय?" म्हटलं.

"व्हय, मास्तर," म्हणले आन गेले.

मी पंजाबी ड्रेस घालूनच बसले हुते. आरोहीला नरसूबाईच्या मांडीवर ठेवलं, फोन सायकलीच्या पुढच्या जाळीत टाकला, ओढणीची कमरंला गाठ मारली. नरसूबाई म्हणली, "एवड्या पावसात कुटं?" मी म्हटलं, "मास्तरांनी बोलवलंय."

सहा वर्षांनी सायकलवर बसले. पाय इसरले नव्हते.

हे तिसऱ्या गल्लीत शिरले आन एका घरात गेले. मी भिताडाआड उभी. म्हटलं ह्योच उंबरा. पाऊस अंगावर पडत हुता, मला त्यो लागत नव्हता. दार उघडलं. आतनं आला अंबादास, ह्यांच्या शेजारच्या मागावरचा. त्याच्या मागनं हे. दोघांच्या हातात सायकली, जुन्या काळ्या, एकीलाबी मडगार्ड न्हाय. आमच्याकडं सायकल न्हाय वो. कोपऱ्यावरनं आणिक दोन गडी आले, तेबी तसल्याच सायकलवर. मला वाटलं, आता काय चौघं मिळून जात्यात का काय तिच्याकडं?

निगाले. मी लांबनं मागं. अशोक चौक गेला, गुरुनानक चौक गेला. पाऊस वाढला. दुकानांच्या पत्र्याखाली माणसं दाटीवाटीनं हुबी, रस्ता रिकामा. पाणी डोळ्यात जायचं, मी पुसायची, परत जायचं. मग पुसायचं सोडलं. एक मोठं डबकं आलं, आन माजं पाय आपोआप वर गेलं. शाळंत असताना जायचं तसं. चाकानं दोन्ही अंगाला पाणी फाकलं, माज्या तोंडातनं कसला तरी आवाज आला, हसू का काय. उताराला लागले तर वारा कुडत्यात शिरला, पाठ गार झाली, आन मी घंटी वाजवली. पुढं कोन नव्हतं. उगंच वाजवली. खोटं कशाला सांगू, मी कुणाच्या मागं आन का चाललेय ते मधी पार इसरून गेले. पोरगीसुदिक इसरले. मग एकदम आठवली आन भ्यालेच.

सात रस्त्याला पोचले तवा म्हटलं, संपलं. सात रस्ते. आता हे कंच्या रस्त्यानं जात्यात, कुटल्या रस्त्याला ती ऱ्हाती, माजं ध्यान चुकलं की गेलं.

ते कुटल्याच रस्त्याला गेले न्हाईत. चौकात गोल फिरायला लागले.

खरं सांगते. चार बापई गडी, मिशा असल्याले, एकामागं एक चौकाला फेऱ्या घालत हुते. एक जण हात सोडून. एक जण तोंड वर करून. हवालदार आडोशाला उभा राहून हात करत हुता, त्याच्याकडं कोन बगंना. ह्यांच्या अंगावरचा कापूस पाण्यानं निगून चालला हुता, आन हे कायतरी गात हुते. शर्टाच्या पाठीवर चाकाचा चिखल उडत हुता. बरूबर मधोमध.

मी सायकल आडवी घातली.

हे पडता पडता थांबले. पयला शब्द काय निगाला? "आरोही कुटंय?"

"नरसूबाईकडं. कोरडी हाय. वाना कुटंय?"

"कोन?"

"वाना. सारखी येती ती. जिला भेटायला रेनकोट कोरडा ठिऊन जाताव."

अंबादासला आधी कळलं. त्यानं सायकल टाकली आन पोट धरून रस्त्यातच खाली बसला. म्हणला, "वैनी, खरं हाय, लई वर्षांपास्नं हाय. आमी चौघंबी फसलोय तिच्या नादानं."

मग हे म्हणले, "आगं, वर बग की."

मी वर बगितलं. नाकातोंडात पाणी गेलं.

"ही काय वाना. तेलगूत पावसाला वाना म्हणत्यात."

नरसूबाईला मी नाव सांगितलं असतं तर तिनं तवाच सांगितलं असतं. नाव लपवलं आन नुसतं आली आली एवडंच घिऊन बसले. आत्याला ह्ये सांगा. तिनंच सांगितलं हुतं लपवायला.

कणीसवाल्याच्या ताडपत्रीखाली हुबं राहिलो. मी म्हटलं, "मग मला सांगायचं की."

"तुला? पाऊस म्हटलं की तू फटीत फडकी कोंबतीस. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"न्हाय."

"मग."

ह्यांनी दोन कणसं भाजायला सांगितली. म्हणले, "दिवसभर त्यो खडखडाट कानात. घरी आलो तरी वाजत असतो, झोपलो तरी वाजत असतो. तू बोलतीस तेबी त्या खडखडाटातनं येतं. पावसात सायकल घातली की पाऊस त्याच्यावरनं वाजतो, आन कान रिकामं हुत्यात. मग दोन तास मला नीट ऐकू येतं. आन पोरीचं हसणं ऐकायला जावं तर भिजल्या अंगानं जवळ जायचं न्हाय, तू बजावल्यालं."

"आन रेनकोट?"

"रेनकोट घालून भिजायला जायचं व्हय?"

कणीस खाल्लं. आत्याचं एक खरं हाय, कणीस एकट्यानं कोन खात न्हाय. आमी पाच जणांनी दोन खाल्ली.

माघारी येताना शेजारी शेजारी आलो. घरी आल्यावर वलं कुडतं काडलं. नातीच्या सायकलीचा मागचा मडगार्ड तुटल्याला हाय. कुडत्याच्या पाठीवर कमरंपास्नं मानंपतूर पट्टी, ठिपक्या ठिपक्यांची. आई माज्या फ्रॉकवर हीच पट्टी घासायची. मी आठवीत जी पट्टी पाठीवर घिऊन घरी यायची, ती नवऱ्याच्या शर्टावर बगितली आन मला वळकू आली न्हाय. भ्यालेल्या माणसाला आपलंच कापड वळकू येत न्हाय बगा.

मी केस कोरडं करून कोपऱ्यात बसले. नरसूबाईनं पोरगी आणून दिली, ह्यांनी लांबनंच सतरंजीवर ठेवायला सांगितली. आरोहीनं मला बगून दोन्ही हात पुढं केलं. माजं केस अजून गार हुतं, अंग गार हुतं. उचलावं वाटलं, उचलायचं न्हाय. तिच्याकडं बगितलं की ती आणिक हात करायची. म्हणून मी भिताडाकडं बगत बसले. शेजारी हेबी भिताडाकडं बगत बसले.

तवा मला कळलं, हे का बगायचे.

आता कामाचं. माजा फोन त्या जाळीत पाण्यानं भरून गेला, सुरूच हुईना. दादाचा नवीन नंबर त्यातच हुता. ह्यांच्या फोनात जुना हाय, त्यो लागत न्हाय. आन मला कुटला नंबर पाठ न्हाय. उद्या सकाळी दादा टेम्पो घिऊन निगणार, दोन गडी घिऊन. हितं आला की ह्यांना दारातच धरंल. हे त्याला काय सांगणार, मी पावसात सायकल मारत हुतो? दादाला ते पटायच्या आधी ह्यांचं हाडं मोडलं असंल. आत्या शेजारी बसली तरी तिला ऐकू येत न्हाय, आन दादा तिचं ऐकत न्हाय.

नंबर आत्याच्या घरात पिठाच्या डब्यावर हाय, खडूनं लिवल्याला, डबा वर मांडणीला. किल्ली राजाबाईकडं हाय. डबा हळू उतरवा, आकडा पुसू देऊ नका.

त्याला म्हणावं, वाना बाई न्हाय, पाऊस हाय. त्याला न्हाय पटायचं, दोनदा सांगा. म्हणावं, लीला येत न्हाय, पेटी तिनं रिकामी केली. त्याला म्हणावं, टेम्पो आणायचाच असंल तर आण, गडी आणू नको. गोठ्यातली हिरवी सायकल त्यात घालून आण. कोंबड्या हाकल, हवा भर, मडगार्ड बसवू नको. आन आत्याला पुढं बसव, तिला मी सगळं लिवून दाखवते.

ह्यो कागद खाली ठिवायच्या आधी उटा, कोन बी असा तुमी, आन माज्या भावाला फोन करा.